नॉर्डालची कॉफी आणि गार्डचं पाणी

कल्पना करा, तुमच्यासमोर एक नदी आहे. पात्र सोडून शेतांत शिरलेली, कोऱ्या चहाच्या रंगाची, अंगावर डिझेलचे रंगीत डाग मिरवणारी. ती कोणाचं तरी लाकडी कुंपण, एक प्लास्टिकची खुर्ची आणि फुगलेलं डुकराचं पिल्लू असं सगळं एका चालीने घेऊन निघाली आहे. तुमच्या मागे गाव आहे, आणि गावाला नळाचं पाणी पुरवणारं पाणीघर याच नदीत छपरापर्यंत बुडालेलं आहे. ट्रकवर बसवलेलं एक यंत्र, दोन पंप आणि पुष्कळ नळ्या एवढं तुमच्या हाताशी आहे. एका टोकाने ही नदी आत घ्यायची, दुसऱ्या टोकाने पिण्याजोगं पाणी बाहेर काढायचं. इथवर फारसं अवघड नाही. यंत्र ते करतं. अवघड भाग त्यानंतर येतो. पाणी आलं की पहिला पेला तुम्ही स्वतः, सगळ्या गावादेखत प्यायचा. नुसता घोट घेऊन भागत नाही, पेला रिकामा करायचा. आणि पिताना तोंड वाकडं करायचं नाही.

हा नियम कोणत्या पुस्तकात लिहिलेला नाही. पण सार्जंट जोलीन हाउग्रुडच्या तुकडीत तो पहिल्यापासून आहे, आणि तिने असे बऱ्याच नद्यांचे पेले रिचवले आहेत.

एरवी जोलीन मिनेसोटा राज्यातल्या थोर्सबी नावाच्या गावी डेअरीत दूध तपासते. टँकर आला की त्याच्यावर चढायचं, नमुना काढायचा, वास घ्यायचा, मग परीक्षानळ्या. महिन्यातला एक शनिवार-रविवार आणि उन्हाळ्यातले दोन आठवडे ती गणवेश चढवते. राज्याची ही राखीव फौज, इथे या फौजेला सगळे नुसतं 'गार्ड' म्हणतात. गार्डमधली माणसं अशीच असतात: कोणी शाळेची बस चालवतं, कोणी छपरं घालतं, कोणी लोकांच्या दाढा उपटतं. तुकडीची इमारत, म्हणजे आर्मरी, तशी सगळ्या तालुक्याचीच. तिथे मतदान होतं, रक्तदान होतं, लहान पोरांचे बर्फावरच्या हॉकीचे जुने बूट विकले जातात आणि वसंतात पॅनकेकची न्याहारी असते. जोलीनच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाचं जेवणही तिथेच झालं होतं, भिंतीलगतच्या ट्रकांवर पांढरी कापडं टाकून.

तिला कुतूहल फार. यंत्र बिघडलं तर इतरांना वैताग येतो, जोलीनला आनंद होतो. एकदा चांगला चालणारा पंप तिने 'हा इतका चांगला का चालतोय' म्हणून उघडून पाहिला होता. तुकडीत ही गोष्ट अजून सांगतात.

तर त्या वसंतात बर्फ एकदम वितळलं, नदी फुगली, नॉर्डाल गावाचं पाणीघर बुडालं आणि राज्यपालांनी गार्डला बोलावलं. नॉर्डाल थोर्सबीपासून तासाभराच्या अंतरावर. जोलीनने शाळेच्या मैदानाच्या कडेला, जरा उंचावर यंत्र लावलं. तिच्या हाताखाली केंग मुआ नावाचा तरुण होता. आग्नेय आशियातून आलेल्या मोंग लोकांच्या सेंट पॉलमधल्या वस्तीतला, कॉलेजात शिकणारा, तोंडाने तिखट. कमरेएवढ्या बर्फगार पाण्यात उतरून नळीचं तोंड नदीत बांधायचं काम त्याच्याकडे आलं होतं.

काठावर पहिला माणूस आला तो व्हर्न ओपडाल, धान्याच्या कोठारावरून निवृत्त झालेला, सोबत म्हातारा कुत्रा.

"तुम्ही नक्की कोणाचे हो?" त्याने विचारलं. "वॉशिंग्टनचे, की आपले?"

"यंत्र वॉशिंग्टनचं," जोलीन म्हणाली. "सरावाचा पगारही त्यांचाच. पण पुराला राज्यपालांनी बोलावलं, म्हणून आत्ताचं डिझेल आणि आमचा रोज राज्याच्या तिजोरीतून. मी स्वतः थोर्सबीची."

"म्हणजे आपलीच. आणि हा?"

"मी सेंट पॉलचा," केंग पाण्यातून ओरडला. "माझ्या कॉलेजची फी गार्ड भरतं, म्हणून मी तुमच्या नदीत उभा आहे."

"बरा सौदा आहे."

"या ना मग आत! दोघं मिळून शिकू."

व्हर्न हसला. दुपारपर्यंत मोठी रबरी टाकी भरली आणि गाव जमलं. जोलीनने पहिला पेला भरला, उंच धरला आणि एका दमात संपवला. नंतर व्हर्नने पेला घेतला, प्यायला, ओठ पुसले.

"हं," तो म्हणाला. "वेगळं आहे."

चर्चचं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या अल्विना स्कारस्टाडबाई त्याच्या मागे उभ्या होत्या. पांढरे केस, ताठ पाठ, हातावर पीठ. त्यांनीही घोट घेतला. "किती स्वच्छ दिसतंय, नाही?" त्या म्हणाल्या. "फारच कष्ट घेतलेत तुम्ही." मग त्यांनी जोलीनला आडनाव विचारलं, आडनावावरून तिची आत्या शोधून काढली, आत्याच्या गुडघ्याची चौकशी केली आणि बादली भरून गेल्या. सगळ्यांनीच भरून नेलं. संध्याकाळी टाकीजवळच्या टेबलावर लेमन बारचे, म्हणजे लिंबाच्या गोड वड्यांचे, दोन ट्रे आणि हॅमचे बन येऊन पडले. जोलीन खूश झाली.

दुसऱ्या दिवशी टाकी जेमतेम पाव उतरली. तिसऱ्या दिवशी तेवढीही नाही. लोक येत होते, हसून बोलत होते, लहान डबा भरून नेत होते. पण डब्यांचं पुढे काय होत होतं, ते जोलीनच्या हळूहळू लक्षात येऊ लागलं. व्हर्नचा कुत्रा अचानक फार स्वच्छ दिसायला लागला होता. घराघराच्या खिडकीतल्या कुंड्या टवटवीत झाल्या होत्या. एक बाई सांगून गेली, "तुमच्या पाण्याने भांडी काय लख्ख निघतात हो!"

"सार्ज," केंग म्हणाला, "आपण सरकारी पैशाने कुत्री धुतोय."

संध्याकाळी कॅप्टन ओर्टमनचा फोन आला. शांत माणूस, पण त्याच्यावरही वरून दाब होता.

"जोलीन, तुझ्या रोजच्या आकड्यांत टाकी भरलेलीच दिसते."

"लोक नेतात, सर."

"पितात का?"

जोलीनने टाकीकडे पाहिलं.

"हे बघ, खालच्या अंगाला ब्रूक्सबीनेही यंत्र मागितलंय. आणि आपल्याकडे ते एकच. उद्या विधानसभेत कोणीतरी उठून विचारणारच, की नॉर्डालला पाणी नको होतं तर तिथे कशाला बसवलं होतंत? मी गुरुवारी येतो. रांग दिसली तर राहा. नाही दिसली तर नळ्या गुंडाळा."

नळ्या गुंडाळल्या तर नॉर्डालला पाणीच उरणार नव्हतं. पाणीघर दुरुस्त व्हायला अजून कित्येक आठवडे होते, आणि रस्ता खचल्यामुळे दुकानातल्या बाटल्या केव्हाच संपल्या होत्या. पण जोलीनला झोपू देईना ती वेगळीच गोष्ट. गाव तिचं पाणी पीत नव्हतं, बाटल्या विकत घेत नव्हतं, आणि तरी कोणीही तहानलेलं दिसत नव्हतं.

"मग पितात काय?" तिने केंगला विचारलं.

"बिअर."

"अरे, लुथरन चर्चवाले आहेत ते. उघड पीत नाहीत."

"तेच म्हणतोय मी."

बुधवारी सकाळी वारा फिरला आणि तिच्या प्रश्नाचं उत्तर वाऱ्यावरून आलं. कॉफीचा वास. टेकाडावरच्या चर्चकडून येत होता, आणि माणसं एकेक करून तिकडेच चालली होती, घाई नसल्यासारखी. जोलीन मागोमाग गेली.

चर्चच्या तळघरात लांब टेबलं, कागदी रुमाल, पंचवीस-तीस माणसं. अल्विनाबाई चुलीशी.

"ये, ये. कॉफी घेणार?"

"नको, उगाच तुम्हाला त्रास."

"त्रास कसला? अर्धा कप."

"नको खरंच."

"अर्धा कप तर."

"बरं, अर्धाच."

अर्धा कप काठोकाठ भरून मिळाला. असा तो मिळतोच. पण जोलीनचं लक्ष कपाकडे नव्हतं, अल्विनाबाईंच्या हाताकडे होतं. त्यांनी कॉफीच्या भुकटीत एक अंडं कवचासकट फोडलं, चिखलासारखं कालवलं आणि उकळत्या पाण्याच्या मोठ्या पातेल्यात ढकललं. पाणी काळं झालं, फेसाळलं. मग त्यांनी वरून वाटीभर गार पाणी मारलं, आणि भुकटीचा सगळा गोळा अंड्यासह तळाशी बसला. वर राहिली नितळ, मधाच्या रंगाची कॉफी. लहानपणापासून ही अंड्याची कॉफी प्यायलेली जोलीन आज पहिल्यांदाच चकित झाली. तिच्या यंत्रातही हेच होतं. गढूळ पाण्यात तुरटीसारखं एक द्रव्य सोडायचं, ते बारीक कणांना धरून धरून गोळा करतं, आणि गोळा खाली बसतो.

तिने घोट घेतला. अशी कॉफी तिने वर्षानुवर्षं चाखली नव्हती. कडू नाही, आंबट नाही, जिभेवर जड आणि गोलसर.

"पाणी कुठलं वापरता?" तिने सहज विचारलं.

टेबलावरची माणसं आपापल्या कपात बघायला लागली. कोणी रुमालाची घडी घालायला लागलं.

"आपलंच," अल्विनाबाई म्हणाल्या. "मागच्या पंपाचं. ते गाळात बुडालेलं सरकारी पाणीघर येण्याआधी सगळं गाव तेच प्यायचं. माझ्या सासऱ्यांनी खणलीय ती विहीर."

चर्चमागे ओतीव लोखंडाचा हातपंप होता. खालचा दगड वर्षानुवर्षांच्या लोहाने तांबडा झालेला. पूर इथवर चढला नव्हता, पण कुंपणापर्यंत येऊन गेल्याची गाळाची रेघ गवतावर स्पष्ट होती. आणि कुंपणापलीकडे, नदीच्या वरच्या अंगाला, पूर शिरून गेलेली खतांची एक शेड होती. तिची दारं उघडी टाकून आत वाळवण चाललं होतं, पांढरी पोती फुटून जमिनीवर पसरली होती.

जोलीनच्या खिशात डेअरीतल्या, पाणी तपासायच्या पट्ट्या होत्या. शेतकऱ्याच्या गोठ्यात गाई गाभडायला लागल्या की पहिल्यांदा विहिरीत हीच पट्टी बुडवतात. तिने पंप मारला, पट्टी भिजवली आणि बघत राहिली. पट्टी गुलाबी झाली, मग आणखी गुलाबी, मग गडद.

नायट्रेट. खत विहिरीत उतरलं होतं.

मोठ्या माणसांना चार दिवसांत त्याने फार काही होत नाही. पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकदच ते काढून घेतं. ओठ निळे पडायला लागतात. आणि यातली सगळ्यात वाईट गोष्ट अशी, की पाणी उकळून काही उपयोग नाही. जंतू मरतात, खत मरत नाही. उलट पाणी आटतं, खत तेवढंच राहतं. तळघरात तिने एकही बाळ पाहिलं नव्हतं, एवढाच दिलासा होता.

ती आत गेली. आपल्या परीने तिने सांगितलं.

"मिसेस स्कारस्टाड, त्या विहिरीचं पाणी जरा बघायला हवं असं वाटतं मला. वर खताची शेड आहे ना, म्हणून."

"हो का? बरं झालं सांगितलंस," अल्विनाबाई म्हणाल्या आणि पुढच्या कपात कॉफी ओतली.

राज्याच्या आरोग्य खात्याला तिने फोन केला. माणूस शुक्रवारी पोचेल, म्हणाले, तोवर लोकांना त्या पाण्यापासून लांब ठेवा.

"लांब ठेवा म्हणजे?" केंग म्हणाला. "सरळ सांगा ना, त्यात विष आहे."

"असं तोंडावर कसं सांगणार? चर्चची विहीर आहे. सासऱ्याने खणलेली."

"माझ्या आईने तर त्यांच्या हातातलं पातेलं काढून घेतलं असतं."

"तुझी आई इथली नाही."

"सेंट पॉल इथून किती लांब आहे, सार्ज?"

जोलीन टाकीकडे वळली. तिच्या डोक्यात दुसरंच शिजत होतं. गावाला तिचं पाणी नको होतं ते कॉफीमुळे, तर कॉफीच सुधारायची. दोष कुठे आहे हे तिला कळलं होतं. फौजेच्या नियमाने पाण्यात क्लोरिन टाकावाच लागतो, त्याचा वास. शिवाय यंत्र पाण्यातले चांगले क्षारही काढून टाकतं, म्हणून ते पोकळ लागतं. वासाला उपाय म्हणजे झाकण न ठेवता भरपूर उकळणं, आणि पोकळपणाला चिमूटभर खायचा सोडा. मग कोणाला न दुखवता काम होणार होतं. डोळे झाकून चाखायला द्यायचं, लोक तिचा कप निवडतील, आणि विहीर आपोआप सुटेल.

गुरुवारी सकाळी तळघरात केंगने कागदी कप मांडले, अर्ध्यांत विहिरीच्या पाण्याची कॉफी आणि अर्ध्यांत टाकीतल्या, बुडाला खुणा केलेले. अल्विनाबाई खुर्ची ओढून बसल्या. "गंमतच की," त्या म्हणाल्या. व्हर्नने मुद्दाम डोळ्यांवर टोपी ओढून घेतली.

व्हर्न दोन्ही कप प्यायला. "दोन्ही छान."

शेजारची बाई म्हणाली, "दोन्ही अगदी छान."

अल्विनाबाईंनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला. दुसरा घेतला. "हे आपलं," त्या म्हणाल्या, "आणि हे पाहुण्यांचं." जोलीनने कप फिरवून पुन्हा दिले. पुन्हा बरोबर. तिसऱ्यांदा तर त्यांनी नुसता वास घेऊन सांगितलं. तळघरभर कौतुकाचं हसू पसरलं, आणि जोलीनने घड्याळ पाहिलं. कॅप्टन दुपारी येणार होता आणि मैदानावर टाकी काठोकाठ भरलेली होती.

तेवढ्यात जिन्यावरून एक तरुण मुलगी उतरली. काखेत बाळ, हातात दुधाची बाटली. अल्विनाबाईंची नातसून टेसा. त्यांचं शेत पाण्यात गेलं म्हणून आदल्याच रात्री ती गावात राहायला आली होती.

"आजी, गरम पाणी आहे का? याची दुधाची वेळ झाली." आणि तिने कोपऱ्यातल्या मोठ्या किटलीची तोटी सोडली. "इथलं उकळलेलं असतं ना, म्हणून सकाळीही इथूनच—"

"थांब!"

जोलीन इतकी मोठ्याने ओरडली की बाळ दचकून रडायला लागलं.

"ते पाणी बाळाला देऊ नकोस. त्या विहिरीत खत उतरलंय. बाळाला ते विष आहे. उकळून जात नाही, आणखी वाढतं!"

नॉर्डालच्या तळघरात असं कोणी ओरडत नाही. एकाच्या हातातला चमचा बशीवर पडला, तो आवाजही मोठा वाटला. जोलीन दोन ढांगांत टेसाजवळ गेली, बाळाचे ओठ पाहिले, मुठी उघडून नखं पाहिली. ओठ गुलाबी होते. नखं गुलाबी होती. संतापाने लाल झालेलं, ठणठणीत रडणारं बाळ होतं ते.

"केंग!" तिने हाक मारली. "उंच ट्रक काढ. दोघांना दवाखान्यात ने. रस्त्यावर पाणी असेल तरी तो ट्रक जाईल."

केंग आधीच जिन्यावर होता. टेसा बाळाला घेऊन त्याच्या मागोमाग गेली. मग अल्विनाबाई उठल्या. त्यांचा आवाज वर चढला नाही, पण त्यात साखरही नव्हती.

"हे तुला कधी कळलं?"

"काल."

"काल! आणि आज सकाळी तू आमच्याशी कपांचा खेळ खेळत बसलीस?"

"मी काल सांगितलं होतं तुम्हाला."

"काल तू म्हणालीस, जरा बघायला हवं. जरा बघायला हवं! माझ्या घराचं छप्परही लग्न झाल्यापासून जरा बघायला हवंय!"

मागे कोणीतरी हसायच्या बेतात होतं, त्याने खोकला काढला.

"आणि तुम्ही?" जोलीनचाही बांध फुटला. "तुम्ही तरी कधी सांगितलंत, माझं पाणी आवडत नाही म्हणून? मी तिथे वेड्यासारखी टाकी भरतेय!"

"कोण म्हणालं आवडत नाही?"

"वेगळं आहे म्हणालात सगळे!"

"मग? आणखी काय म्हणायचं असतं?" अल्विनाबाई म्हणाल्या, आणि स्वतःच थबकल्या.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. एका तासाच्या अंतरावर वाढलेल्या, एकाच वळणाच्या दोन बायका. एकीला विहिरीत विष आहे हे सांगायचं होतं, दुसरीला टाकीतलं पाणी घशाखाली उतरत नाही हे. दोघींनीही इतक्या जपून सांगितलं होतं की काहीच सांगून झालं नव्हतं.

अल्विनाबाईंनी मोठी किटली उचलली आणि मोरीत उपडी केली. मग पातेलं. मग अंडी आणि कॉफीचा डबा बगलेत मारला, रिकामी किटली छातीशी धरली आणि जिना चढायला लागल्या. व्हर्न मदतीला धावला तर म्हणाल्या, "तू कप घे."

गावच्या रस्त्यावरून ती वरात शाळेच्या मैदानाकडे निघाली तशी घराघराच्या ओसरीवर माणसं उभी राहिली. चर्चची किटली कधी चर्चबाहेर गेलेली कोणी पाहिली नव्हती. टाकीजवळ जोलीनने तुकडीची शेगडी पेटवून वर पातेलं चढवलं. अल्विनाबाईंनी टाकीच्या नळाखाली किटली भरून पातेल्यात पाणी ओतलं, उकळी येताच अंडं कालवलेली भुकटी आत ढकलली, गार पाणी मारलं.

"झाकण काढून आणखी थोडं उकळायला हवं होतं," जोलीन म्हणाली. "वास जातो."

"आता सांगतेस!"

त्यांनी कप भरला. गाव गोल करून उभं होतं. पहिला पेला कोणाचा हे न सांगताच ठरलं होतं. अल्विनाबाई प्यायल्या, पूर्ण कप, शेवटच्या थेंबापर्यंत. आणि त्यांनी तोंड वाकडं केलं. चांगलं सगळ्यांना दिसेल असं.

"वाईट आहे," त्या म्हणाल्या.

व्हर्न पुढे सरकला.

"वेगळं नाही, वाईट आहे. पोहण्याच्या तलावासारखा वास येतो. आता सगळ्यांनी रांग लावा. पाणीघर सुरू होईपर्यंत हेच प्यायचंय. विहिरीला आजपासून कोणी हात लावायचा नाही."

"इतकं वाईट आहे?" व्हर्नने विचारलं.

"चाखून बघ."

व्हर्नने चाखलं. "देवा," तो म्हणाला, आणि दुसरा कप मागितला. मग सगळ्यांनाच तोंड फुटलं. एकाला त्यात रबर लागत होतं, एकीला पत्र्याची चव येत होती, एकजण म्हणाला की फौजेत असताना याच चवीवर त्याने तीन वर्षं काढली होती. नॉर्डालमध्ये इतकं उघडपणे आजवर कोणी कशाला नावं ठेवली नव्हती, आणि लोकांना त्यात मजा यायला लागली होती. नावं ठेवता ठेवता बादल्या भरत होत्या.

कॅप्टन ओर्टमनची गाडी आली तेव्हा रांग मैदानाला वळसा घालून रस्त्यावर गेली होती. तो खाली उतरला, रांग पाहिली, टेबलाकडे आला. कोणीतरी त्याच्या हातात कप दिला. त्याने एक घोट घेतला आणि बराच वेळ गिळला नाही.

"जोलीन," शेवटी तो म्हणाला, "हे काय आहे?"

"राज्याच्या पैशाची कॉफी, सर."

"आणि एवढे लोक यासाठी उभे आहेत?"

"हो, सर. त्यांना आवडत नाही."

कॅप्टनने रांगेकडे पुन्हा पाहिलं, डोक्याची टोपी मागे सरकवली आणि फोनवर वरिष्ठांना सांगितलं की नॉर्डालचं यंत्र हलणार नाही, ब्रूक्सबीला शेजारच्या राज्याच्या गार्डकडून मागवा. तसा करार असतो. संध्याकाळी केंग परत आला तो बाळ बरं असल्याची खबर आणि चिखलाने माखलेला ट्रक घेऊन. तो आल्या आल्या अल्विनाबाईंनी त्याच्यासमोर कप धरला.

"नको," केंग म्हणाला. "भयंकर वास येतोय."

"बघा," अल्विनाबाई गावाकडे वळून म्हणाल्या, "याला असं सरळ बोलायला आधीपासून येतं."

शुक्रवारी आरोग्य खात्याच्या माणसाने पंपाला कुलूप घातलं. पाणीघर सुरू झालं तेव्हा लायलॅकच्या झुडपांना जांभळी फुलं येऊन गेली होती. जोलीन नळ्या गुंडाळून थोर्सबीला परतली, डेअरीत टँकरवर चढायला लागली. पण तिचं कुतूहल काही परतलं नाही. दर पुरात हेच होणार हे तिला कळलं होतं. यंत्र नदी स्वच्छ करेल, आणि कुठल्या तरी गावात लोक ते पाणी नेऊन कुत्र्यांना आंघोळ घालतील. प्रत्येक गावात अल्विना स्कारस्टाड थोडीच असणार? आपल्या पाण्याला माणसं तोंड लावतील असं काहीतरी त्यात घालता यायला हवं.

म्हणून तिने विहिरीचा जुना हिशेब लावला. पुराआधीच्या तपासणीत त्या पाण्यात काय काय होतं ते प्रयोगशाळेतून मिळवलं: लोह, चुना, मॅग्नेशियम, किंचित मॅंगनीज. मग डेअरीच्या मोजमापाच्या काट्यावर तेच सगळं, तेवढंच, स्वच्छ पाण्यात मिसळलं. सरावाच्या शनिवारी आर्मरीतून सुटली की ती तासभर गाडी हाकत नॉर्डालला जाते. चर्चच्या तळघरात त्या पाण्याचा एक डबा पोचवते. अल्विनाबाई अंडं फोडतात, कॉफी करतात, घोट घेतात. आता त्या जपून बोलत नाहीत, निदान जोलीनशी तरी.

"नाही," त्या म्हणतात.

पुढच्या महिन्यात: "नाही. पण जवळ आलीस."

त्यानंतर एकदा खूप वेळ कप हातात धरून बसल्या, आणि मग मान हलवली. "हे पाणी चांगलं आहे, पोरी. पण ते हे नव्हे."

जोलीन परतताना गाडी नदीच्या पुलावर थांबवते. खाली पाणी आता पात्रात, शहाण्यासारखं वाहत असतं. काचनळीला जे जे सापडलं ते सगळं तिने डब्यात घातलेलं आहे, काहीही राहिलेलं नाही. तरी त्या म्हातारीची जीभ दर वेळी ओळखते.

मग त्या विहिरीच्या पाण्यात आणखी काय होतं?